ओंडका कुणाच्या मालकीचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सभा कापसाची आणि आम्ही बोलणार लाकडावर. मागे बसलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. हसा, पण अर्धा तास द्या. आमच्या धुऱ्यावर फार तर दोन निंब, एक बाभूळ आणि नशीब असेल तर चार साग. लाकडाच्या जागतिक व्यापाराशी आमचा काय संबंध? संबंध शेवटी येईल. आधी गोष्ट ऐका.

गावात कोणाच्या घराचा स्लॅब पडत असेल तर तिथल्या शटरिंगच्या फळ्या पाहा. पिवळसर, वजनाला हलक्या, मधूनमधून गाठ. ते लाकूड सागाचे नाही, आडजातही नाही. ते आहे पाइन, म्हणजे आपल्या हिमालयातल्या चिडाच्या जातकुळीतले. सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने जंगलतोडीला लगाम घातल्यावर देशात लाकूड कमी पडू लागले आणि परदेशी ओंडका मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. कांडला बंदराच्या आसपास आरागिरण्यांची वस्तीच उभी राहिली. त्या गिरण्यांतून कापला गेलेला बराच पाइन न्यूझीलंडचा.

जगाच्या बाजारात या नरम लाकडाला, म्हणजे पाइन, स्प्रूस, लार्च असल्या सुईसारख्या पानांच्या झाडांच्या लाकडाला, मोठी मागणी. घराचा सांगाडा, पेट्या, शटरिंग, कागदाचा लगदा, सगळे त्याचेच. आणि ते दोन रूपांत विकले जाते: एक ओंडका, म्हणजे साल काढलेले वा सालीसकटचे गोल लाकूड, दुसरे कापलेल्या फळ्या. ओंडका म्हणजे आमचा कापूस. फळी म्हणजे सूत. एवढी खूणगाठ बांधून ठेवा, पुढचे सगळे आपोआप कळेल.

दोन देश घेऊ. एक रशिया. जगातल्या जंगलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच्या एकट्याच्या हद्दीत. दुसरा न्यूझीलंड. दोन बेटांचा देश, लावलेले जंगल सारे मिळून सतरा-अठरा लाख हेक्टर, आणि त्यातले नव्वद टक्के एकाच झाडाचे: रेडिआटा पाइन. हे झाड मूळचे तिथले नव्हे. ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे. तिथे ते वेडेवाकडे वाढते, कोणी विचारत नाही. न्यूझीलंडच्या पावसात ते सरळ वर गेले आणि पंचवीस ते तीस वर्षांत तोडणीला येऊ लागले. सायबेरियातल्या झाडाला त्याच जाडीला शंभर वर्षे लागतात.

२००६ साली रशियाने सर्व जातींचे मिळून सुमारे ५ कोटी १० लाख घनमीटर ओंडके देशाबाहेर विकले. जगात पहिला नंबर. न्यूझीलंड त्या सुमारास साठ लाखांच्या आसपास. रशियाच्या तुलनेत किस झाड की पत्ती! पंधरा वर्षांनी, २०२१ साली, न्यूझीलंड दोन कोटींच्या वर गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून रशियाने नरम लाकडाच्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. ज्याच्याकडे अथांग जंगल तो बाजारातून उठला, आणि ज्याच्याकडे मूठभर तो दुकान मांडून बसला. हे कसे घडले, एवढाच आजचा विषय.

न्यूझीलंडची गोष्ट आधी. तिथेही एक काळ सरकारी जंगलाचाच होता. १९२० आणि १९३० च्या दशकांत सरकारने आणि काही कंपन्यांनी पाइनची लागवड केली. काइंगारोआचे मोठे जंगल तेव्हाचे. लाकूड तयार झाले तेव्हा ते जवळच्या कागद कारखान्यांना लांब मुदतीच्या करारांनी दिले जाई. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानला ओंडके जाऊ लागले, पण ते सरकारच्या तालावर.

१९८४ साली सरकार बदलले. अर्थमंत्री रॉजर डग्लस. शेतकऱ्यांची सबसिडी एका फटक्यात बंद झाली. झाडे लावायला मिळणारे अनुदानही गेले. शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, शिव्या दिल्या. पण तो मोडला नाही. का मोडला नाही, तर सबसिडी काढताना निर्यातीच्या वाटेवरचे फाटकही सरकारने हळूहळू काढून टाकले. आमच्याकडे सबसिडी बंद करा म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. फाटक काढा म्हणताना त्यांची वाचा बसते. १९८७ ला सरकारी वनखाते मोडीत काढले. १९९० पासून सरकारी जंगलातले तोडीचे हक्क विकले. जमीन मात्र विकली नाही, कारण तिथल्या मूळ रहिवाशांनी, माओरी लोकांनी, जमिनीवर हक्क सांगितला होता. पुढे काइंगारोआची जमीन त्यांच्या टोळ्यांना परत मिळाली. झाड कंपनीचे, जमीन माओरींची, आणि कंपनी त्यांना भाडे भरते.

मग आले १९९३ साल. अमेरिकेच्या वायव्य भागात ठिपक्यांच्या घुबडाला वाचवण्यासाठी सरकारी जंगलातली तोड कमी झाली होती. घुबड कायद्याच्या संरक्षणाखाली आले १९९० साली. तिकडे मलेशियातल्या साबा प्रांताने ओंडक्यांची निर्यात थांबवली. जपान, कोरियाचे खरेदीदार न्यूझीलंडकडे धावले. भाव भडकले. आणि मग तिथला मेंढपाळ, तिथला शिक्षक, तिथला डॉक्टर, ज्याच्याकडे डोंगरउताराचा तुकडा होता त्याने पाइन लावला. १९९४ या एका वर्षात ९८ हजार हेक्टरांवर नवी लागवड झाली. सरकारने पत्रक काढले नव्हते, वनमहोत्सव केला नव्हता, मंत्र्यांनी रोप लावतानाचा फोटो काढला नव्हता. भाव मिळाला आणि झाड तोडून विकण्याची मोकळीक दिसली, एवढेच.

आता रशिया. तिथले जंगल सरकारचे. कंपन्या भाडेपट्ट्याने तोड करतात. सोव्हिएत संघ १९९१ ला मोडल्यावर जंगलातल्या वस्त्यांना पगार देणारे कोणी उरले नाही. झाड तोडून सरहद्दीवर नेणे एवढाच रोजगार. तशात १९९८ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये यांगत्से नदीला महापूर आला. डोंगर उघडे झाले म्हणून पूर आला असे ठरवून चीनने आपल्या नैसर्गिक जंगलांतली तोड थांबवत नेली, आणि पुढच्याच वर्षी ओंडक्यांवरचा आयात कर काढून टाकला. चीनला भूक, रशियाकडे लाकूड, मध्ये फक्त रेल्वेचे रूळ. मान्झोली, स्वेफेन्हे ही सरहद्दीवरची चिनी गावे आरागिरण्यांनी भरून गेली. २००७ साली चीनने एकट्या रशियाकडून अडीच कोटी घनमीटर ओंडके घेतले. त्या वर्षी न्यूझीलंडचा चीनमधला माल जेमतेम दहा-पंधरा लाख घनमीटर.

इथे मॉस्कोमध्ये तेच भाषण सुरू झाले जे आम्ही जन्मापासून ऐकत आलो. कच्चा माल बाहेर का जातो? चिन्याच्या गिरणीला रोजगार, आमच्या पोराच्या हाताला काम नाही? ओंडका विकण्यात नामुष्की आहे, फळी विकली पाहिजे. ऐकायला गोड. राष्ट्रवादाचा पाक घातलेला असतो. ओंडक्यांवरचा निर्यात कर होता साडेसहा टक्के. १ जुलै २००७ ला तो २० टक्के केला. १ एप्रिल २००८ ला २५ टक्के. आणि १ जानेवारी २००९ पासून ८० टक्के करणार असे जाहीर केले. ते ८० टक्के पुढे पुढे ढकलत राहिले, कारण आपल्याच घरात आरडाओरड झाली, शिवाय रशियाच्या बर्चवर चालणारे फिनलंडचे कागद कारखानेही ओरडू लागले.

निर्यात कर कोण भरतो? कागदावर निर्यातदार. तो काय घरातून भरतो? समजा सरहद्दीवर एका घनमीटरला शंभर रुपये भाव आहे. जंगलापासून सरहद्दीपर्यंत रेल्वेचे भाडे चाळीस. तोडणी आणि जंगलातून ओढून आणणे पस्तीस. उरले पंचवीस. हे पंचवीस झाडाचे. आता पंचवीस टक्के कर लावा. शंभरावर पंचवीस. रेल्वे आपले चाळीस सोडत नाही, यंत्रवाला पस्तीस सोडत नाही, डिझेल तर मुळीच सोडत नाही. चिनी व्यापारी म्हणतो, मला न्यूझीलंडचा ओंडका शंभरात मिळतो, तुला सव्वाशे का देऊ? मग ते पंचवीस कुठून निघाले? झाडातून. झाडाची किंमत शून्य. हे आकडे समजुतीपुरते आहेत, पण वाट हीच आहे. कर सरहद्दीवर लागतो आणि उतारावरच्या पाण्यासारखा मागे मागे येत मुळाशी जाऊन थांबतो. आमच्या कटतीसारखे. जिनिंगवाल्याला गठाणीमागे कुठलाही भुर्दंड पडो, तो वजा होतो आमच्या क्विंटलमधूनच.

२००९ साली रशियाची ओंडक्यांची निर्यात २ कोटी २० लाखांच्या आसपास आली. निम्म्याहून कमी. त्यात जागतिक मंदीचाही हात होता, हे सांगायला हवे. सगळे पाप कराच्या माथी मारणे खरे नाही. पण मंदी गेली तरी जुना आकडा परत आला नाही. आणि चीनला लाकूड हवेच होते. ते गेले न्यूझीलंडकडे. २०१३ च्या सुमारास नरम ओंडक्यांच्या पुरवठ्यात चीनच्या बाजारात न्यूझीलंडने रशियाला मागे टाकले, एक कोटी घनमीटरांच्या वर जाऊन. कर लावला मॉस्कोने आणि पीक कापले न्यूझीलंडच्या मेंढपाळाने.

मग रशियात बोंब का झाली नाही? आमचे उत्तर असे आहे. तिथे झाडाला मालक नाही. झाड सरकारचे, आणि झाडाची किंमत शून्य झाली तर सरकारच्या पोटात दुखत नाही. त्याला तेवढाच कर मिळतो. नुकसान झाले ते तोडीवर जगणाऱ्या सायबेरियातल्या आणि अतिपूर्वेच्या वस्त्यांचे. त्यांना ना मत विचारले ना त्यांची संघटना. न्यूझीलंडमध्ये हाच प्रयोग करायचे कोणाच्या मनात आले असते तर हजारो लहान मालक रस्त्यावर आले असते. आणि खरेच थोडेसे तसे झालेही. २०२० साली तिथल्या सरकारने लाकूड व्यापाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा आणला. देशातल्या आरागिरण्यांना आधी माल मिळावा अशी त्यामागची बोली होती. झाडे लावणाऱ्यांनी लगेच ओळखले की ही पहिली पायरी आहे. विरोध झाला. कायदा झाला, पण व्यापाऱ्याच्या नोंदणीपुरता. निर्यातीवर बंदी नाही, कर नाही.

आता दुसरी बाजू. ती आम्ही लपवली तर तुम्ही बाहेर गेल्यावर कोणीतरी सांगेलच. मागच्या एका बैठकीत एका तरुणाने उभे राहून विचारले, "साहेब, रशियात गिरण्या झाल्या की नाही?" झाल्या. फळ्यांची निर्यात दीड कोटी घनमीटरांवरून २०१९ पर्यंत तीन कोटींच्या वर गेली. दुप्पट. हे खोटे नाही. पण त्यातला मोठा वाटा २०१४ नंतर रूबल घसरला म्हणून आहे. चलन पडले की कोणाचीही निर्यात वाढते. शिवाय सरहद्दीच्या अलीकडच्या कित्येक गिरण्यांत पैसा चिन्यांचाच. त्यांनी आरे उचलून पलीकडून अलीकडे आणले, कारण कराने अलीकडचा ओंडका स्वस्त करून ठेवला होता. गिरणीचा नफा कोणाच्या हुशारीतून आला नाही. झाडाच्या किमतीतून कापून आला. स्वस्त कच्च्या मालावर वाढलेला कारखाना आम्ही ओळखतो. स्वस्त कापसावर वाढलेल्या गिरण्या आमच्या समोर वाढल्या आणि आमच्या समोर गंजल्या.

न्यूझीलंडमध्ये उलट झाले, हेही कबूल. तिथे देशात तुटणाऱ्या लाकडाचा निम्म्याहून अधिक भाग ओंडक्याच्या रूपातच बाहेर जातो. गिरण्या बंद पडल्या. कावेराऊचा वर्तमानपत्री कागदाचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला. त्यात वर्तमानपत्रे कमी खपू लागल्याचा भाग होता, पण कामगाराला कारण कुठलेही असो, घर तेच.

आणि एक धोका त्याहून मोठा. आज न्यूझीलंडच्या दर दहा निर्यात ओंडक्यांतले आठ-नऊ एकट्या चीनला जातात. एकच गिऱ्हाईक. २०१९ च्या जुलैत चीनच्या धक्क्यांवर माल साचला. युरोपातल्या स्प्रूसला साल पोखरणारी कीड लागली होती आणि तिथले मेलेले लाकूड मिळेल त्या भावात चीनकडे निघाले होते. न्यूझीलंडचा भाव काही आठवड्यांत कोसळला. २०२० च्या फेब्रुवारीत करोनामुळे चीनची बंदरे तुंबली, तोडणीच्या टोळ्या घरी बसल्या. २०२१ नंतर चीनमधली घरबांधणी खचली. ज्यांनी १९९३ चा भाव पाहून १९९४ ला झाड लावले, त्यांची झाडे नेमकी याच वेळी तयार झाली. सगळ्यांची एकदम. आमच्याकडे तुरीचा भाव वाढला की दुसऱ्या वर्षी सगळे वावर तुरीचे. तिथे हाच खेळ अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने झाला.

पण एक फरक पाहा. तुरीला थांबता येत नाही. कापूस घरात ठेवला तर वजन घटते, रंग जातो, उंदीर लागतात, सावकार दारात येतो. झाड उभे राहते. भाव पडला तर न्यूझीलंडचा शेतकरी म्हणतो, यंदा तोडत नाही, झाड आणखी जाड होईल. अर्थात बँकेचे हप्ते असणाऱ्याला हेही जमत नाही. शिवाय २००८ पासून तिथे १९८९ नंतर लावलेल्या जंगलाला हवेतला कर्ब धरून ठेवल्याबद्दल पैसे मिळण्याची सोय झाली आहे, म्हणजे न तोडण्यालाही भाव. त्यावरून तिथे आता नवे भांडण पेटले आहे, कारण मेंढ्यांची चांगली कुरणे पाइनखाली जाऊ लागली. तोडीनंतर डोंगरावर पडलेला पालापाचोळा आणि बुंधे पुरात खाली येऊन गिस्बर्नच्या भागात शेते आणि पूल गाडतात. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या गॅब्रिएल वादळात ते सगळ्या देशाने पाहिले. तेव्हा न्यूझीलंड म्हणजे रामराज्य, असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की भाव पडला तर तो बाजारात पडला, आणि चढला तेव्हा चढलेला भाव झाडवाल्याच्या हाती आला. रशियात चढलेला भाव सरहद्दीवरच कापला गेला.

आता आमचे घर.

महाराष्ट्राने १९७२ ला एकाधिकार कापूस खरेदी आणली. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी कापसाची गाडी सीमेवर अडवली जायची; तुमच्यापैकी कित्येकांनी त्या रात्री जागवल्या आहेत. ती सीमा गेली, तर देशाची सीमा आडवी आली. १९ एप्रिल २०१० ला कापूस निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदी. तेव्हा खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांना विचारले नव्हते, असे त्यांनीच सांगितले, आणि आठवड्याभरात बंदी मागे घ्यावी लागली. आणि ज्या वर्षी भाव आधीच पडलेला, त्या २०२५ च्या १९ ऑगस्टला कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा काळ. भाव चढला की निर्यातीचे फाटक बंद, भाव पडला की आयातीचे फाटक उघडे. रशियाने निदान एकच फाटक वापरले.

शरद जोशींनी उणे सबसिडी म्हणून जे मांडले ते हेच. लोकांना वाटते सबसिडी म्हणजे सरकारने दिलेले पैसे. सरकारने सरहद्दीवर कापलेले पैसे दिसत नाहीत, कारण ते आमच्या खिशात कधी आलेलेच नसतात. रशियातल्या त्या तोडणी कामगाराला कुठे दिसले? त्याला एवढेच दिसले की यंदा ठेकेदार आला नाही.

धुऱ्यावरच्या सागाचेही सांगतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने स्वतःच्या वावरातला साग तोडायलाही परवानगी लागते. तलाठ्याचा उतारा, मोजणी, वनखात्याचा शिक्का, वाहतुकीचा पास. हेलपाटे घालून थकलेला शेतकरी मग उभे झाड पडेल त्या भावात ठेकेदाराला देतो, आणि ठेकेदाराला सगळे कागद दोन दिवसांत मिळतात. न्यूझीलंडमध्ये एका वर्षात लाख हेक्टर झाड का लागले आणि आमच्या कोरडवाहू माळावर का लागत नाही, याचे उत्तर पावसात जेवढे आहे तेवढेच या शिक्क्यात आहे.

एक आक्षेप तरीही उरतो. निर्यात मोकळी केली आणि आमचाही गिऱ्हाईक एकच निघाला तर? २०१० च्या आसपास आमच्या कापसाचा मोठा खरेदीदार चीनच होता. त्याने खरेदी आखडली तेव्हा आम्ही भोगले. याला आमच्याकडे तयार उत्तर नाही. बंदी हे उत्तर नाही, एवढे नक्की. पाच-सहा बाजारांत माल जाईल अशी प्रतवारी आणि ओलाव्याचे खरे माप आम्हाला गावातच करावे लागेल. त्यावर चर्चा व्हायला हवी आणि ती घोषणांनी होत नाही, हिशेबाने होते.

म्हणून पुढच्या महिन्यातल्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान दहा जणांच्या मागच्या पाच हंगामांच्या कापूसपट्ट्या आणाव्यात. तारीख, भाव, कटती आणि कोणाला विकला, एवढे वाचता आले पाहिजे. ज्यांनी ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मध्ये माल विकला त्यांच्या पट्ट्या वेगळ्या बांधा. आणि सागाच्या परवानगीसाठी कोणाचा अर्ज वर्षाहून अधिक पडून असेल तर त्याची पोच सोबत आणा. झेरॉक्सचा खर्च तालुका शाखा करील.